डावीकडेच वळणारी बाई

माझ्या नातवंडांची समजूत आहे की मी हेल्मेट घालूनच जन्माला आले. आजी स्कूटरवरून भाजी आणते, आजी स्कूटरवरून दाताच्या डॉक्टरकडे जाते, आजी सिग्नलला पुढच्या रिक्षावाल्याला हॉर्न मारून जागं करते. ही समजूत मी इतकी वर्षं मुद्दाम जपली. पण आता बहात्तर पूर्ण झाली, अब्रूचा उपयोग पूर्वीइतका होत नाही, तेव्हा खरं काय ते सांगून टाकते.

मी स्कूटर शिकले तेव्हा तरुण होते. एकोणसाठ वर्षांची.

त्या एकोणसाठ वर्षांच्या बाईची ओळख आधी करून द्यायला हवी. पनवेलच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती. ‘सराव करा, सराव करा’ असं मुलांच्या कानीकपाळी ओरडण्यात तिचा जन्म गेला, आणि स्वतः मात्र तिनं एक गोष्ट धड शेवटाला नेली नव्हती. पेटी शिकायला गेली, एका भजनाची पहिली ओळ बसली, त्यापुढे आमच्या घरात शांतता. विणकाम शिकली, त्यातून एका बाहीचा स्वेटर निघाला. “पनवेलच्या थंडीला एक बाही पुष्कळ झाली,” असं म्हणून आमच्या ह्यांनी तो दोन हिवाळे निमूटपणे घातला. मोडी लिपीच्या वर्गात ती तीन दिवस गेली. वही मात्र दोनशे पानी आणली होती.

तर अशा ह्या बाईची एक मैत्रीण. पहिलीपासूनची. ती बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच कोकणात राहिलेली, आपल्यासारखंच मराठी बोलणारी ज्यू. शाळेत असल्यापासून ती सायकल चालवायची आणि मी मागे कॅरिअरवर बसायची. सायकलवरची मुलगी दिसली की लोक कौतुकानं वळून बघत. मागच्या मुलीकडे कुणी बघत नसे, ती दप्तरात धरली जाई. पुढे तिनं लुना घेतली, मी लुनेच्या मागे बसू लागले. मग तिनं स्कूटर घेतली, मी तिथंही मागेच. लग्नं झाली, मुलं झाली, ती रोडपालीला राहायला गेली, पण आमची बैठकव्यवस्था काही बदलली नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “मी चालले गं. एप्रिलमध्ये. मुलगी तिकडे, नातू तिकडे, मी इथे एकटी कुणाला चहा पाजत बसू?”

त्यांच्यातले बरेच जण असे इस्रायलला गेले होते, ही पण कधीतरी जाणार हे मला माहीत होतं. तरी मी रडायला लागले.

“ए, चहात पडतंय,” ती म्हणाली. “ऐक. पन्नास वर्षं तुला मागे बसवून फिरवलं. जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, तू मला मागे बसवून फिरव.”

“रिक्षानं जाऊ ना आपण.”

“रिक्षा तू चालवणारेस?”

“अगं पण मला येत नाही!”

“मग शीक. आणि लर्निंगवर नाही हं, त्यावर मागे माणूस बसवता येत नाही. पक्कं लायसन्स काढ. बत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीय मी. तुझ्या मागे बसून मरायचंच असेल तर कायदेशीर मरेन.”

त्या बाईनं डोळे पुसले आणि शब्द दिला. घरी आल्या आल्या ती कामाला लागली. म्हणजे काय केलं? तक्ता केला. चार रंगांची स्केचपेनं आणली, कार्डशीट आणलं, त्यावर ‘ध्येय’, ‘साधने’ आणि ‘अडथळे’ असे रकाने आखले. अडथळ्यांच्या रकान्यात पहिल्या क्रमांकावर सुबक अक्षरात लिहिलं : ‘स्कूटर नाही’. ह्या कामात आठवडा गेला. तक्ता फ्रिजवर लावल्यावर तिला इतकं समाधान वाटलं की निम्मी स्कूटर आली असंच ती समजली.

मग तिनं हेल्मेट घेतलं. डोक्याला सवय व्हावी म्हणून ते घालून ती घरात वावरायची. त्यात कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नसत. सलग तीन दिवस भात लागला तेव्हा ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, “अपघात सध्या स्वयंपाकघरातच होणारेत का?” एकदा कुरिअरवाला आला. हिनं काच खाली केलेल्या हेल्मेटसकट दार उघडलं, तर तो पाकीट पायपुसण्यावर ठेवून जिन्यानं पळाला.

लर्निंगची परीक्षा तिनं सहज मारली. चिन्हं ओळखायची होती, एकही चुकली नाही. कागदावरची स्कूटर बाईंना उत्तम येत होती.

जानेवारी उजाडला तरी खऱ्या स्कूटरला हात लागलेला नव्हता. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी एक बाई होती, उरणकडच्या गावातली, चाळिशीची. पूर्वी त्यांच्या घरची मिठागरं होती. ती गेल्यावर तिनं स्कूटर घेतली आणि मागे थर्माकोलचा खोका बांधून ती सोसायट्यांतून मासळी विकायची. मी हेल्मेट घालून दार उघडलं तर ती घाबरली नाही. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“बाय, घरात टोप घालून काय करतस?”

मी सगळी हकीकत सांगितली. तक्ता दाखवला. तिनं तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्यावर बसून जाशील काय रोडपालीला? चल, मी शिकवते. अकराला माजा माल संपतो, मंग एक तास मोकली हाय मी.”

“तुझी फी काय?”

“पैसं नको. पन शिकशील तवर भाव करायचा नाय. मी सांगन तो भाव.”

पस्तीस वर्षं शिक्षण क्षेत्रात काढून शिक्षण किती महाग असतं ते मला त्या क्षणी कळलं. बोंबील बघायचे आणि गप्प राहायचं! एकदा तर तिनं भाव सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत मजेत उभी राहिली. मी ओठ आवळून मान डोलावली. ह्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय.

शिकायला आम्ही करंजाड्याला जायचो. आज तिथे इमारतींमधून आभाळ शोधावं लागतं, तेव्हा सेक्टर नुसते आखलेले होते. गुळगुळीत रस्ते, दिव्यांचे खांब, प्लॉटचे नंबर रंगवलेले दगड, आणि राहायला फक्त म्हशी. माझ्या ह्या मासळीवाल्या मास्तरीणबाईंनी एक चौकोन निवडला. एका मोठ्या मोकळ्या प्लॉटभोवती चार रस्ते. त्याच्या उजव्या अंगाला मोठा रस्ता होता, तिथे न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर ओळीनं उभे असायचे.

“तिकडं नाय जायाचं,” तिनं बजावलं. “आला कोपरा की डावीकडं वल. आला कोपरा की डावीकडं वल.” एवढं सांगून ती रिकामा खोका उपडा घालून त्यावर बसली.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यापर्यंत पोचलेच नाही. स्कूटर सुटली आणि मी तिच्या बाजूनं पळत होते, मूठ तेवढी हातात घट्ट. “बाय, सोड! मूठ सोड! पिलू नको!” ती ओरडत होती. पस्तीस वर्षं कान पिळलेल्या हाताला सोडणं माहीत नव्हतं. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि स्कूटर, गवतात गेलो. तिथल्या म्हशीनं आमच्याकडे एक नजर टाकली आणि उठून दुसऱ्या प्लॉटमध्ये गेली.

पण सांगायला हवं, ह्या वेळी बाईनं सोडून दिलं नाही. रोज साडेअकराला ती हजर. आठवड्यानं पाय वर आले, पंधरा दिवसांनी डोळे उघडे ठेवून वळता येऊ लागलं. घरी परतताना कपड्यांना असा वास यायचा की फाटकापासून तीन मांजरं मला लिफ्टपर्यंत पोचवायला येत. आणि बाई अखेर गणिताची. प्रत्येक फेरीला वहीत एक रेघ, चार रेघांवर एक आडवी. दिवसाला वीस-वीस फेऱ्या. मार्चमध्ये हजारावी फेरी झाली त्या दिवशी तिनं घरी शिरा केला आणि ह्यांना आपल्या जिद्दीवर एक छोटं भाषण दिलं. ह्यांनी शिरा मागून घेतला.

एव्हाना खरंच, काय सांगू, डावं वळण असं घ्यायची की बघत राहावं. अंग हलकं झुकवायचं, मूठ जराशी सैल, की आलं वळण. वळणावर ती गुणगुणायचीसुद्धा. पेटीवर बसलेली ती एकच ओळ.

परीक्षेच्या दिवशी मास्तरीणबाईंनी स्कूटर धुऊन दिली. आरटीओच्या मैदानात जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांनी मोठा आठाचा आकडा काढलेला होता. त्यावरून पाय न टेकता गाडी न्यायची. माझ्या पुढे कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनी फटाफट आठ काढले. माझ्याकडे बघून एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “आज्जी पण देतायत, क्यूट ना?” मी मनात म्हटलं, थांब, तुला हजार फेऱ्या काय असतात ते दाखवते.

सुरुवात झाली. पहिलं वर्तुळ डावीकडून. लोण्यासारखं गेलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावली. मग मधला फुलीचा भाग आला. तिथून आठाचं दुसरं वर्तुळ उजवीकडे वळतं.

उजवीकडे! आणि त्या क्षणी, ज्या बाईनं पस्तीस वर्षं फळ्यावर आठ काढला, तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं की गेल्या अडीच महिन्यांत आपण एकदाही, एकदाही उजवीकडे वळलेलो नाही.

मी हँडलला मनातून सांगितलं, उजवीकडे. हँडलनं ऐकलं नाही. खांदा दगडासारखा. माझं अंग सवयीनं डावीकडे झुकलं आणि मी पुन्हा पहिल्याच वर्तुळावर आले.

“काकू, आठ काढायचाय,” साहेब म्हणाले. “तुम्ही शून्य काढताय.”

“हो, हो, आत्ता काढते.” परत फुली आली. परत डावीकडे.

“काकू, दोन शून्यं झाली.”

तिसऱ्या शून्याला मागून कुणीतरी टाळी वाजवली. पस्तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जे सढळ हातानं वाटलं होतं, ते सगळं त्या मैदानात मला परत मिळालं. शेवटी मी पाय टेकले. साहेबांचा आवाज मऊ झाला. “आठवड्यानं या परत. डावीकडे फार छान वळता तुम्ही.”

मैत्रिणीचं विमान दोन आठवड्यांवर आलं होतं. मी तिला फोन केला आणि सांगितलं.

“म्हणजे आता,” ती म्हणाली, “डावीकडे असलेल्या गावांनाच जाता येईल आपल्याला.” मी हसले नाही. मग ती हळूच म्हणाली, “तिकीट पुढे नाही गं ढकलता येत. बघ काय ते.”

त्या दुपारी मी वही उघडली. पानंच्या पानं रेघा, सुंदर पाच-पाचाच्या जुड्या. हजार फेऱ्या म्हणून मी जिचं कौतुक करून घेतलं, ती एकच फेरी होती, हजार वेळा मारलेली. जे येत होतं तेच करत बसले होते, कारण ते करताना छान वाटत होतं. भजनाच्या पहिल्या ओळीचंही असंच झालं असणार. ती ओळ मी वर्षभर वाजवली. दुसऱ्या ओळीत काळी पट्टी होती आणि तिथे बोट अडखळायचं, म्हणून मी तिच्याकडे फिरकले नाही. मुलांना मी सराव करा म्हणत होते, पण कशाचा करायचा हे कधी सांगितलंच नव्हतं. माझं मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना हे सांगितलं तर ती इतकी हसली की खोक्यावरून खाली बसली. “अगो बाय! माजंच चुकलं! मीच सांगत रायले, डावीकडं वल, डावीकडं वल!” मग डोळे पुसून उठली. “चल. आता सात दिवस फक्त उजवीकडं.”

“तिकडे ट्रेलर आहेत.”

“हाय ना. ट्रेलर काय चावतो काय तुला?”

ट्रेलरवाले आपल्या गाड्यांच्या सावलीत चहा पीत बसले होते. हिनं जाऊन त्यांना काहीतरी सांगितलं. मी निघाले, कोपऱ्यावर आले, उजवीकडे वळायचा प्रयत्न केला आणि पडले. त्यांच्यातला एक मिशाळ ड्रायव्हर ग्लास ठेवून उठला. चाळीस फुटी ट्रेलर मागे घेताना क्लीनर ओरडतो ना, तसा तो मला ओरडू लागला.

“आने दो, आने दो... काटो! माताजी, काटो! अब सीधा करो!”

‘काटो’ म्हणजे हँडल वळवा, हे मला पडता पडता कळलं. पुढच्या फेरीला तिघं ओरडायला उभे. चौथ्या फेरीला सगळी रांग. मी कोपऱ्यावर आले की एकदम आवाज उठायचा, “काटोऽ!” आणि त्या धाकानं माझं हँडल वळायचं. त्या आठवड्यात वही आणली नाही. तक्ता फ्रिजवरून काढला, त्याच्या मागच्या बाजूवर आम्ही मासळी निवडली. दोन्ही गुडघे फुटले. रोज घरी जाताना वाटायचं की आज कालच्यापेक्षा वाईट जमलं. मध्येच भीती वाटली की आता डावं वळण विसरले तर? सहाव्या दिवशी मास्तरीणबाईंनी दोन खोके अंतरानं ठेवले आणि मी त्यांच्याभोवती आठ काढला. वाकडा होता, पोटाकडे फुगलेला. पण आठ होता. ट्रेलरवाल्यांनी हॉर्न वाजवले आणि करंजाड्याच्या सगळ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

परीक्षेला तेच साहेब. फुली आली आणि माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, “काटो!” साहेब दचकून एक पाऊल मागे सरले. मी वळले. उजवीकडे! आठ पुरा झाला, पण थांबायचं कसं ते आनंदात सुचेना, म्हणून आणखी एक काढला. “पुरे, काकू,” साहेब म्हणाले. “एकच लागतो.”

मैत्रीण मंगळवारी जाणार होती. आदल्या रविवारी तिच्या घरी मलिदा होता. मोठ्या प्रवासाला निघताना त्यांच्यात करतात. गोड पोह्यांत ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा घालतात, बरोबर पाच प्रकारची फळं ठेवतात, आणि सगळे मिळून प्रार्थना म्हणतात. फळं पनवेलच्या बाजारातून आणायची होती. ती आणायला मी तिला मागे बसवून नेणार, असं ठरलं. मी रोडपालीला तिच्या फाटकाशी मास्तरीणबाईंची स्कूटर उभी केली. तिनं जवळ येऊन आधी वास घेतला.

“ह्या गाडीवरून कोळंबी नेतात?”

त्यांच्यात कोळंबी चालत नाही, खवलं असलेला मासाच चालतो. मी तयारीत होते. “आज नाही. काल संध्याकाळीच मासळीवालीला सांगून ठेवलं होतं. आज फक्त पापलेट. आणि नंतर दोनदा धुतलीय, साबणानं.”

“कागद दाखव.”

मी परीक्षेची पावती दिली. तिनं चष्मा लावून ती दोन्ही बाजूंनी वाचली, कोर्टात वाचायची तशी, आणि घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. “अडवलं तर मी बोलेन. तू फक्त पुढे बघ.”

ती बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीमागे कुणी बसलं होतं. निघालो.

“गिअर आहे का हिला?” ती पाच मिनिटांनी म्हणाली.

“नाही. का?”

“नाही, मला वाटलं अजून पहिल्यातच आहे.”

सायकलवरच्या पाववाल्यानं आम्हाला घंटी वाजवून मागे टाकलं. तिनं त्याला हात केला. “ब्रेक इतक्या लवकर का दाबतेस? खड्डा अजून पुढच्या सेक्टरात आहे.” “हॉर्न वाजव की, कुणाला लाजतेस?” अशी तिची बडबड मोठ्या चौकापर्यंत चालू होती. तिथे उजवीकडे वळायचं होतं. समोर ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला बस. ती एकदम गप्प झाली. तिच्या हाताची पकड माझ्या खांद्यावर घट्ट झाली, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी तिला असंच धरत असणार.

“भीती वाटतेय?” मी विचारलं.

“तुला?”

“हो.”

“मग चल.”

सिग्नल सुटला. मी मोठ्यानं “काटो” म्हटलं आणि वळले. ती काय म्हणतेस म्हणून ओरडली. बाजारात तिनं सफरचंदं, चिकू, पेरू, डाळिंबं घेतली आणि शेवटी केळ्यांची मोठी फणी. फळवाल्याला ती दोनदा म्हणाली, “आमच्या बाई स्कूटरनं घेऊन आल्यात.” त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, तर त्याच्यावरच चिडली.

परत येताना पिशव्या पुढे पायाशी ठेवल्या. केळी चिरडतील म्हणून ती पिशवी तिनं आमच्या दोघींच्या मध्ये धरली. सगळ्या वाटेत तिनं माझी एकही चूक काढली नाही. तिच्या फाटकाशी मी गाडी थांबवली, पाय टेकले आणि मान वळवून पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले.

“काय गं?”

“वारा लागला,” ती म्हणाली.

ज्या वेगानं मी आले होते त्या वेगाला वारा कुणालाच लागत नाही. थोडा वेळ तशाच बसलो. मग माझ्या पाठीला ओलं लागायला लागलं.

“उतर आता,” मी म्हटलं. “केळ्यांचा लगदा होतोय.”

“होऊ दे,” ती म्हणाली, आणि उतरली नाही.